जास्वंदीला शेंगदाण्याचं तेल

नको ताई, ते पान तोडू नका, राहू द्या — हात चिकट होतील तुमचे. पहाटेच्या विमानानं पुण्याहून आलात, बाबांजवळ धड टेकला नाहीत आणि लगेच गच्चीवर? खाली पंख्याखाली बसा ना, मी आलेच, चहा टाकते. — मी काय करतेय? पानं पुसतेय. हे साबणाचं पाणी, हे फडकं, ही तुमच्या आईंची जास्वंद. रोज नाही हो पुसत, एवढी हौस नाही मला, झाडाला न्हाऊमाखू घालायची. आज जरा जास्तच चिकट दिसली म्हणून. कीड पडते ना हिला — पिठ्या ढेकूण म्हणतात, पण ढेकूण नव्हे तो, देठाच्या बेचक्यात कापसाचे पुंजके चिकटवल्यासारखा दिसतो. चावत नाही, पळत नाही, नुसता बसून रस शोषतो. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, इकडच्या जास्वंदीला फुलाआधी कापूसच येत असेल. हसल्या होत्या आई. खूप हसल्या होत्या.

वास? कसला वास? — शेंगदाण्याचा? — अहो, खाली कोपऱ्यावर बादामवाला बसतो, इथे शेंगदाण्यालाच बादाम म्हणतात ना, तो भाजत असेल. वाऱ्यावर येतो वास. — हो, वारा नाहीये आत्ता. कोलकात्यात, त्यातून या बेहालात वारा कधी असतो म्हणा, असतो तो घामच. शेजारच्या बंगाली बौदींकडून येत असेल मग — बरोबर, त्यांच्याकडे सगळं मोहरीचं. पानाला येतोय म्हणता? ताई, तुम्ही पान हुंगताय कशाला? जास्वंदीला कधी वास असतो का!

बरं. आहे. शेंगदाण्याचंच तेल आहे ते. सांगते, लपवायचं काय त्यात, विहंगनं आपल्या बहिणीला फोनवर सगळं सांगितलंच असेल. डबे बदलले. माझ्या हातून बदलले. म्हणजे फवारणीचं तेल खाली स्वयंपाकघरात गेलं आणि खायचं तेल इथे वर आलं — अर्धी गोष्ट त्यानं सांगितली, ही उरलेली अर्धी. खाली बाबांच्या पोटात काय गेलं ते सगळ्यांना माहिती आहे, वर झाडांच्या अंगावर काय गेलं ते कुणी विचारलं नाही. म्हणून मी आपली पुसतेय.

नाही, तुम्ही रागवा, मी काही म्हणत नाही. सकाळी दारातच म्हणालात ना — शिकलेली मुलगी ना तू, तेलातेलातला फरक कळत नाही? — विहंगनं तुमची बॅग आत नेली आणि त्यानंही ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. बरोबरच आहे तुमचं. स्वतःचे वडील असे नाकात नळी घालून पडले तर मीही बोलले असते. बोलले असते का? माहीत नाही. मला बोलायला वेळ लागतो, तोवर समोरचा माणूस निघून जातो. आज तुम्ही जात नाहीयात, ही माझी पंचाईत.

झालं काय, रविवारी सकाळी आईंनी थालिपीठं लावली. बाबांची आवडती, कांद्याची, कडेनं तेल सोडून खरपूस. विहंगनं आपलं ब्रेड-अंडं खाल्लं, त्याला सकाळी तळकट चालत नाही. मी एक खाल्लं, मला जरा मेणबत्तीसारखं लागलं, पण नव्या सुनेनं सासूच्या थालिपिठाला मेणबत्ती म्हणायचं का? नाही म्हणायचं. मी गप्प बसले. आईंनी तव्याजवळ उभ्या उभ्या एक तुकडा मोडला. आणि बाबांनी चार खाल्ली, वर लोणी घेऊन, बंदरावरच्या त्यांच्या नोकरीतल्या गोष्टी सांगत — खिदिरपूरला एकदा जहाजातून उतरवताना खोबरेल तेलाची पिंपं कशी फुटली आणि सगळी गोदी कशी घसरत होती — तेलाचीच गोष्ट, बघा ना. दुपारी उलट्या. उलटी होताना ते तेल छातीत उतरलं, डॉक्टर म्हणाले, पोटाचं काही नाही, पोट धुऊन निघतं, पण फुप्फुसात हे असलं तेल गेलं की ताप येतो, श्वास अडतो. काय खाल्लं होतं, विचारलं त्यांनी. मी परत घरी आले, किटलीतलं तेल हातावर घेतलं, पाण्याच्या पेल्यात टाकलं आणि कळलं. परत जाऊन सांगितलं — माझ्या हातून डबा बदलला. विहंग तिथेच उभा होता. तेव्हापासून फारसं बोलत नाहीये. मीठ दे, एवढं म्हणतो.

बाबा वाचले, घरी आले, तेवढं पुरे आहे मला.

कसं कळलं म्हणजे? सोपं आहे. फवारणीचं तेल पाण्यात टाकलं की पाणी दुधासारखं होतं. पांढरं. त्यात मिसळणारं काहीतरी घातलेलंच असतं. आणि खायचं तेल वर तरंगतं, पिवळे डोळे होतात त्याचे. हे मला आईंनीच शिकवलं, पहिल्याच आठवड्यात. या इथेच उभं केलं मला, हातात पंप दिला आणि म्हणाल्या, नूपुर, तू बोलत नाहीस, झाडंही बोलत नाहीत, तुमचं जमेल. मग त्याच बोलत राहिल्या. आधी दूध झालं पाहिजे, मग फवारायचं. मध्ये मध्ये पंप हलवत राहायचं, नाहीतर तेल वर आणि पाणी खाली, शेवटच्या झाडाला नुसतं तेल मिळतं आणि ते मरतं. पानाच्या वरून नाही, खालून, पाठीमागून, कारण चोर मागच्या दारानं येतो. गंधक मारलं असेल तर महिनाभर तेल नाही. तहानलेल्या झाडाला नाही, आदल्या दिवशी पोटभर पाणी पाजायचं. आणि उन्हात तर मुळीच नाही — सकाळी, दव वाळल्यावर, ऊन तापायच्या आत. हे विष नव्हे म्हणायच्या, हे नुसतं पांघरूण आहे. किड्याला अंगावरच्या बारक्या भोकांनी श्वास घ्यावा लागतो, तेल ती बुजवतं, बस. पक्ष्यांना काही नाही, आपल्याला काही नाही. महाराष्ट्र मंडळातल्या बायका फोन करतात अजून — सरलाताई, आमच्या लिंबावर पांढरी माशी आलीय, सरलाताई, किती तेल, किती पाणी. आई भाजी चिरता चिरता सांगतात, चमच्यांत. त्यांना मोजावं लागत नाही.

आपल्याला काही नाही, म्हणायच्या. चार थालिपिठांत गेलं तर मात्र आहे.

ही कडा? हो, भाजलीय. ही बघा, हा गंधराज, याचीही पानं पापडासारखी झालीत. तेल मारलं आणि वरून दुपारचं ऊन लागलं की असं होतं. त्यातून हे शेंगदाण्याचं, न मिसळलेलं, थापून बसलेलं. चैत्रातलं इथलं ऊन तुम्हाला माहिती आहे, तुम्ही इथेच वाढलात — भर दुपारी कोणी शहाणा माणूस फवारेल का?

नाही — म्हणजे मीच. मीच फवारलं ना. शनिवारी. दुपारी. — माहिती होतं हो मला, दुपारी फवारायचं नसतं ते, आत्ताच म्हणाले नाही का — पण घाई होती, उरकून टाकावं म्हटलं, नवीन माणूस चुका करतो. डबा? डबा वर त्या पत्र्याच्या कपाटात असतो, निळा, पानाचं चित्र असलेला. शेंगदाण्याचा खाली ओट्याखाली, पांढरा, सांगलीहून माझे वडील पाठवतात, घाण्यावरचं. इथल्या बाजारात काय मिळत नाही, पण आईंना ते लागतं, जन्म बेहालात गेला तरी फोडणी मोहरीची चालत नाही. — हो. एक निळा, एक पांढरा. — हो, वजनही वेगळं. — नाही कळलं मला. घाईत नाही कळत, ताई. एक वर आणायचा तो खाली नेला, एक खाली ठेवायचा तो वर — नाही, मी रंगांधळी नाहीये. तशी चौकशी लग्नाआधीच झाली होती.

काय? — शनिवारी दुपारी? तुम्ही फोन केला होता? विहंगला? — अच्छा. तो म्हणाला काही ऐकू येत नाही. सियालदहला आहोत. बरोबर, गर्दी फार होती, स्टेशनातून माणसांचा लोंढा बाहेर येत होता आणि आम्ही भांडी बघत होतो घाऊक बाजारात, कुकर घ्यायचा होता —

मी पाठीमागे बोलत होते का? माझा आवाज आला तुम्हाला?

बसा ताई. त्या ड्रमच्या कडेवर नको, त्याला मुंग्या आहेत, कीड जिथे असते तिथे मुंग्या येतात गोड चाटायला. इथे, सावलीत बसा.

तुम्ही असं नका बघू माझ्याकडे. मी खोटं बोलले ते कुणाला फसवायला नाही. म्हणजे फसवायलाच, पण — मी काय करणार होते? हॉस्पिटलात डॉक्टर विचारतायत, विहंगचा चेहरा पांढरा फटक पडलाय, आणि आई बाकावर बसून पदराचं टोक एका बोटाला गुंडाळतायत, सोडतायत, गुंडाळतायत, सोडतायत. मला आधी कळलं होतं. घरी पेल्यात दूध झालं तेव्हाच गच्चीवर आले, कपाट उघडलं, आत पांढरा डबा. बादली इथे, या नळाखाली, तशीच ठेवलेली, आणि त्यात पिवळे डोळे तरंगतायत. आणि झाडं सगळी भाजलेली. सगळी, बरं का. दर पानाच्या पाठीवर तेल होतं. चुकीचं तेल, चुकीची वेळ, आणि हात मात्र अगदी बरोबर — एक पान सुटलं नव्हतं. मी इथे उकिडवी बसले बादलीपाशी. ज्या बाईला मोजावं लागत नाही, तिला पाणी दूध झालं नाही हे दिसलं नाही? दिसलं असणार. पण बघून पुढे काय करायचं असतं, तेवढंच निसटलं असणार.

त्याच संध्याकाळी त्या वर आल्या. बाबा हॉस्पिटलात, विहंग त्यांच्यापाशी, घरात आम्ही दोघीच. जिन्याच्या दारात उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, नूपुर, हे मी ओतलं का गं?

तुम्ही काय सांगितलं असतंत? तुम्ही खरं सांगितलं असतंत. मला माहिती आहे, विहंग म्हणतो, देवयानीताई तोंडावर बोलते, तिला खोटं जमतच नाही. माझ्यात ते गुण नाहीत. मी म्हटलं, नाही आई, मी ओतलं.

आणि त्यांचा चेहरा सुटला हो. असा सुटला, जसा ताप उतरतो. मग ओरडल्या. काय काय बोलल्या! एवढं शिकवलं, पोपटासारखं पाठ करून घेतलं, शेवटी तू ती तूच, माणूस मारशील एखादा! खाली बौदींनी खिडकी उघडली ऐकायला. आणि मी इथे उभी राहून शिव्या खातेय आणि मनात म्हणतेय, बोला आई, अजून बोला. कारण त्या अगदी पूर्वीसारख्या वाटत होत्या.

हे पहिलं नव्हे. नाही, तुम्हाला माहीत असणं शक्य नाही, तुमचा फोन आला की त्या छान बोलतात, बाबा शेजारी बसून शब्द पुरवतात. माघात एकदा मी भाजी घेऊन येत होते, तर आई रस्त्याच्या कडेला उभ्या, डोक्यावर मेट्रो धडाडत जातेय आणि त्या रस्त्याच्या मध्यभागी बघतायत. म्हटलं, आई, काय बघताय? म्हणाल्या, ट्राम येत नाहीये गं, कधीची उभी आहे. या रस्त्यावरची ट्राम, कधीच बंद झालेली — तुम्ही शाळेत जात होतात ना तिनं? मी तर पाहिलीही नाही. मी काय म्हणावं? मी म्हटलं, आज उशीर असेल, आपण ऑटोनं जाऊ. ऑटोत बसल्यावर त्यांना कळलं. इतक्या मोठ्यानं हसल्या की ऑटोवाला मागे बघायला लागला. फजिती केली की नाही तुझी, म्हणाल्या. मीही हसले. पण त्यांनी माझं मनगट धरलं होतं, ते घर येईपर्यंत सोडलं नाही.

तशी बारीकसारीक बरीच आहेत. मला तुमच्या नावानं हाक मारतात, ते सोडा, ते सगळ्याच आया करतात. पण मग मला विचारतात, तुझा दहावीचा निकाल कधी गं.

बाबांना माहिती आहे का? आहे. बाबा सकाळी मुद्दाम मोठ्यांदा पेपर वाचतात — आज गुरुवार, अमुक तारीख — मला आधी वाटायचं, बंदरावरची सवय. विहंगला? विहंगला माहिती करून घ्यायचं नाहीये. मी एकदा सुरुवात केली होती. म्हणाला, आई पहिल्यापासून वेंधळीच आहे, तू नवीन आहेस, तुला तिची चेष्टा कळत नाही. नवीन आहेस, हे या घरातलं फार सोयीचं वाक्य आहे. ते म्हटलं की मी गप्प होते आणि सगळ्यांचं भागतं.

आता मी हे का सांगतेय? सांगणार नव्हते. तुम्ही सकाळी तिकिटं दाखवलीत म्हणून. आई-बाबा दोघं पुण्याला, कायमचे, इथे तुमच्या भरवशावर ठेवणार नाही, म्हणालात. बाबांनी मान खाली घातली आणि आई एकदम लहान मुलीसारख्या म्हणाल्या, पुण्याला गच्ची आहे का? मला तेव्हाच दिसलं सगळं. तुमचा नववा मजला. तुम्ही नऊला ऑफिसला, भाऊजी फिरतीवर. बाबा अजून पलंगावरून उठत नाहीत. दिवसभर त्या एकट्या, नवीन घर, नवीन गॅस, आणि सगळं कुठल्या ना कुठल्या डब्यात. तुम्हाला वाटणार, धोका इथे कोलकात्यात राहिला, धोका म्हणजे ती बावळट सून. आणि तुम्ही त्यांच्या हाती किल्ली देऊन जाणार. मी गप्प राहिले आणि तिकडे काही झालं, तर मग — थालिपिठाला मेणबत्तीसारखं लागतंय म्हणायला हवं होतं मी. एवढंच म्हणायचं होतं. बाबांनी दुसरं खाल्लं नसतं.

रडू नका ना. मला कुणी रडलं की काय करायचं ते कळत नाही. हे घ्या — नको, फडक्याला साबण आहे.

डॉक्टरकडे? हो, न्यायलाच हवं, मला कळतं. मी आडवी येत नाही. पण एकदा का त्या आजाराचं नाव पडलं ना ताई, की दुसऱ्या दिवशी विहंग या गच्चीला कुलूप लावेल. त्यानं आत्ताच म्हटलंय, हे तेलबिल बंद, कुंड्या देऊन टाका कुणाला. मग स्वयंपाकघर. मग एकटीनं खाली जायचं नाही. सगळं त्यांच्या भल्यासाठी. आणि त्या बसतील खाली खुर्चीत, आणि मंडळातून फोन आला तर आपण सांगू, त्यांना बरं नाही. तेवढ्यानं नाही माणसाचा श्वास कोंडणार? — मला नाही माहीत दुसरा उपाय काय. तुम्ही मोठ्या आहात, तुम्ही सुचवा. मी माझ्यापुरतं एवढंच केलं, निळा डबा माझ्या कपाटात कुलपात ठेवला, साड्यांखाली. आणि सकाळी स्वयंपाकाला मी आधी उठते. त्याही येतात, किटली माझ्या नाकापुढे धरतात, म्हणतात, बघ गं, हेच ना? का विचारतात ते सांगत नाहीत. मी हुंगते, म्हणते, हेच, आई. मग त्या गॅस पेटवतात. म्हणजे त्यांना माहिती आहे ना? मी खोटं बोलले ते त्यांना माहिती आहे, आणि मला माहिती आहे की त्यांना माहिती आहे, आणि आम्ही दोघी रोज फोडणी करतोय.

काय बोललात? मला का एवढं? — हो, विचारा, सगळे विचारतीलच. लग्नाला वर्ष नाही झालं आणि सासूवर एवढी माया कुठून आली. माया नाही हो. मी काही फार चांगली नाहीये. त्या ट्रामच्या दिवशी घरी येऊन मी न्हाणीघरात दार लावून बसले आणि पहिला विचार काय आला, सांगू? हे सगळं मला करावं लागणार. मुलगी पुण्याला, मुलगा लॅपटॉपमध्ये, राहिलं कोण? वीस वर्षं मीच. सांगलीला फोन लावला होता, आईला म्हणणार होते, मला घेऊन जा. तिनं फोन उचलला आणि मी विचारलं, तेल कधी पाठवताय. तुमची तिकिटं पाहिली तेव्हाही आधी हलकंच वाटलं मला. वाटलं, सुटले. खरं सांगते. मग मला हे घर दिसलं, तुम्ही त्यांना घेऊन गेल्यावरचं. विहंग येतो, जेवतो, स्क्रीन उघडतो. वाईट नाही तो, प्रेमळ आहे, पण त्याला शांतता आवडते, आणि माझ्याशी लग्न केलं तेही बहुतेक त्याचसाठी. या शहरात माझ्याशी मराठीत बोलणारं, मला उलटून बोलायला लावणारं, माझ्या जोकला हसणारं एकच माणूस आहे. आणि ते थोडं थोडं जातंय. मी फक्त — मला ते जरा उशिरा जायला हवंय. एवढंच. आईंसाठी नाही, माझ्यासाठी. बघा, हेही बोलले. हे कुणाला बोलायचं नव्हतं.

तुम्ही आता लगेच खाली जाऊन विहंगला — थांबा, ताई, असं उठू नका, आधी आपण दोघी ठरवू या. मला खोटं जमत नाही म्हणता, ठीक आहे, पण आजचा दिवस नुसतं गप्प तर राहता येईल? गप्प राहणं अवघड नसतं, मी शिकवीन. तिकिटं पुढे ढकला. बाबा जरा उठून बसू देत. डॉक्टरकडे मी नेते, बाबांच्या तपासणीचं निमित्त करून दोघांना नेते, म्हणजे त्यांना —

श्श.

चप्पल वाजली जिन्यात. आईच. डोळे पुसा. पुसा ना. हे फडकं धरा, हां, आणि ते पान हातात घ्या, पालथं. पुसताय असं दाखवा.

आई! सावकाश या, कठडा धरा. हाक मारायची होती, मी आले असते खाली. — आम्ही? काही नाही, गप्पा. ताईंना दाखवत होते, कीड कुठे बसते ते. — नाही हो, रडत कुठे आहेत, साबणाचा हात डोळ्याला लागला. — हो, आपली जास्वंद वाचेल, खालून फुटवा येतोय, हा बघा. — नाही आई, दुसरं काही नाही बोलत होतो. त्या तेलाचंच. ताई मला रागावत होत्या, डबे बदलले म्हणून. — खरंच. — अहो, खरंच तेच. माझ्यावर विश्वास नाही तर त्यांना विचारा, त्या कशाला खोटं बोलतील तुमच्याशी.

सांगा ना ताई. आई विचारतायत, तेल कुणी ओतलं.

ताई?